कॅप्चर मध्येच थांबत होतं, तेव्हा

बडोद्याला दांडिया बाजारातल्या काकांकडच्या मुंजीच्या मिनी-डीव्ही (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल) कॅसेट एडिटिंगसाठी संगणकात घ्यायच्या होत्या. कॅप्चर, म्हणजे कॅमेऱ्यात कॅसेट चालवून ती संगणकात उतरवणं, दर वेळी १९-२० मिनिटांनी बंद पडे, नेमकं मातृभोजनाच्या ऐन मध्यात! कॅमेरा संगणकाला जोडणारी फायरवायर केबल बदलली, क्लिनिंग कॅसेट फिरवली, ढिम्म. गोम एक्स्टर्नल डिस्कमध्ये निघाली. ती फॅट३२ फॉरमॅटची (डिस्कवर फायली साठवायची एक जुनी पद्धत), त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आणि डीव्ही व्हिडिओ तासाला साधारण १३ जीबी खातं. डिस्कवरचं सगळं दुसरीकडे हलवून ती एनटीएफएस फॉरमॅटची केली, त्यात ही ४ जीबीची अट नाही; पूर्ण तास एका दमात उतरला.

बरीच वर्षं पडून असलेली कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे नेऊन रिवाइंड करा, टेपचा ताण सारखा होतो. कॅमेरा अ‍ॅडॅप्टरवरच चालवा. आणि फायरवायरवाला जुना पीसी एवढ्यात भंगारवाल्याला देऊ नका.