बागेत पक्षी येत नाहीत? या चुका टाळा

दाणे ठेवले, पाणी ठेवलं, लाकडी घरटंही टांगलं, तरी कबुतरं सोडून कोणी फिरकत नाही, ही तक्रार नाशकात गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत सगळीकडे ऐकू येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फवारणी. इथे अनेकांच्या घरी द्राक्षबागेचं उरलेलं औषध असतंच, मग जास्वंदीवर मिलीबग (पांढरी, कापसासारखी कीड) दिसला की तेच मारलं जातं. चिमणी दाणे खाते खरी, पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या-किडेच भरवते, आणि फुलातला मध पिणारा शिंजीर पण पिल्लांसाठी किडे-कोळीच शोधतो, म्हणजे तुम्ही औषध मारलं की त्यांच्या पिल्लांचं ताटच उचलून घेतलं. अशी कीड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, फारच असेल तर तेवढी फांदी कापा. लिंबाची पानं अळ्यांनी खाल्ली तर खाऊ द्या ना, फुलपाखरंही मिळतील! आणि कोपऱ्यात थोडा पालापाचोळा राहू द्या, सातभाई पक्षी तो उलथून उलथून किडे काढतात, बघत बसावंसं वाटतं.

शेव, चिवडा, ब्रेड अजिबात नको, त्यातलं मीठ-तेल पक्ष्यांना बाधतं. बाजरी किंवा तांदळाची कणी, तीही संपेल एवढीच. कबुतरं जास्त झाली तर आठवडाभर दाणे बंदच करा.

पाण्याचं भांडं पसरट हवं, पाणी इंच-दोन इंच, मधे एक दगड, आणि रोज घासून बदलायचं, नाहीतर डासांची सोय होते.

लाकडी घरट्यात बुलबुल किंवा शिंपी पक्षी कधीच येणार नाही. ते चिमणी-दयाळसारख्यांसाठी असतं, चिमणीला सव्वा इंचाचं भोक पुरतं. बुलबुलला दाट झुडूप लागतं, शिंपी तर मोठी पानं शिवून घरटं करतो, म्हणून पावसाआधी कटिंग करताना आधी पानांमागे नीट बघा, प्लीज.

एखादा पक्षी खिडकीच्या काचेवर सारखा चोच मारतोय? त्याला स्वतःचं प्रतिबिंब म्हणजे दुसरा नर वाटतो. आतून पडदा लावून उपयोग नाही, काही दिवस बाहेरून कागद चिकटवा.

पंख फुटलेलं पिल्लू खाली दिसलं की लगेच घरात आणू नका, आईबाप बहुतेक जवळच असतात. मांजर असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा, हात लागला म्हणून आई टाकत नाही. दूध मात्र पाजू नका.

आणि संक्रांत झाली की झाडात अडकलेला मांजा त्याच आठवड्यात काढा, नायलॉनचा कुजत नाही, महिनोन्महिने पंख कापत राहतो.