अवतरणचिन्ह गिळणारा कीबोर्ड

नव्या डेस्कटॉपवर एकेरी अवतरणचिन्ह दाबलं की स्क्रीन ढिम्म. पुढे 'ए' दाबला की डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला 'ए' हजर! एसक्यूएल (डेटाबेसमधली माहिती मागवायची भाषा, तिथे अवतरणचिन्हं सतत लागतात) लिहिताना तर डोकंच फिरायचं. कळ धडधाकट होती. विंडोजमध्ये 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' लेआउट, म्हणजे कळांची मांडणी, लागला होता. त्यात अवतरण, टिल्ड (~), कॅरेट (^) या 'डेड की', म्हणजे पुढच्या अक्षराची वाट बघत बसणाऱ्या. स्पेस दाबली की चिन्ह उमटतं, पण दर वेळी कोण दाबणार?

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, इंग्लिशपुढच्या तीन टिंबांत लँग्वेज ऑप्शन्स. आधी तिथल्या यादीत साधा 'यूएस' कीबोर्ड जोडला, मगच इंटरनॅशनल काढला. एकुलता एक कीबोर्ड विंडोज काढू देत नाही. लिनक्सवर फ्रेंच-स्पॅनिशही लिहिणाऱ्यांनी 'ऑल्टजीआर डेड कीज'वाला प्रकार निवडावा. त्यात उजवा ऑल्ट दाबला तरच अक्षरांवरच्या खुणा येतात.