सदोष वस्तूची तक्रार कंपनीपर्यंत कशी पोहोचवावी

नवा मिक्सर महिनाभरात जळाला की आपण तो दुकानदाराकडे नेतो, थोडी हुज्जत घालतो आणि बदलून मिळाला तर गप्प बसतो. एकाच खेपेतील शेकडो मिक्सरच्या मोटारींमधील तारांचे वेढे कच्चे राहिले असतील, तर कारखान्याला ते कळण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे वेगवेगळ्या गावांतून आलेल्या, पण एकाच बॅच क्रमांकाच्या तक्रारी. म्हणून दुकानदाराने वस्तू बदलून दिली तरी कंपनीला कळवावे.

त्यासाठी प्रथम वस्तू उघडून पाहण्याचा मोह आवरावा, कारण अनधिकृत दुरुस्तीचे निमित्त करून वॉरंटी नाकारली जाते. बिल, वॉरंटी कार्ड, बॅच किंवा सिरियल क्रमांक आणि बिघडलेला भाग यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. खोके लगेच रद्दीत देऊ नये. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार तक्रारीसाठीचा पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे.

मजकूर लिहिताना संताप बाजूला ठेवणे कठीण असते, हे मान्य. पण 'तुमचा माल फालतू आहे' या वाक्यातून अभियंत्याला काहीच उमगत नाही, उलट 'खरेदीनंतर एकविसाव्या दिवशी, ओले खोबरे वाटताना दोन मिनिटांत मोटारीतून धूर आला' यातून बरेच कळते. त्यापुढे आपल्याला दुरुस्ती, बदली की परतावा हवा, हे स्पष्ट लिहून उत्तरासाठी मुदत द्यावी. फोनवर बोलणे झाले, तरी तेच ई-मेलने कळवून तक्रार क्रमांक जपावा.

ऑनलाइन खरेदी असेल, तर विक्री-संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असे २०२० चे नियम सांगतात. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, आणि तेथेही काम न झाल्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क लागत नाही.

धूर, विजेचा झटका, स्फोट असा धोका असल्यास मात्र वापर तत्काळ थांबवून ई-मेलच्या विषयातच तसे लिहावे. असा माल बाजारातून परत घेण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते. २०२२ मध्ये प्रमाणित नसलेल्या प्रेशर कुकरबाबत त्याने तो दिलाही होता.