बर्फात सूर्य शोधताय? या चुका टाळा

कोल्हापुरात उसाचा हंगाम आणि पोरांच्या प्रोजेक्टचा हंगाम एकदमच येतो. दरवर्षी कुणीतरी लॅपटॉप उघडून म्हणतं, "सर, ग्रीनलंडच्या बर्फात सौर वादळ सापडलं!" बघावं तर नायट्रेटच्या आलेखावरचं एक टोक. सौर वादळामुळे हवेत नायट्रेट बनतं आणि ते बर्फात उतरतं, असा यामागचा समज.

मीही यात तोंडावर आपटलोय, म्हणून जास्त चिडतो. १८५९ साली कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावरचा भडका पाहिला आणि ग्रीनलंडच्या एका हिमगाभ्यात (बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या थराथरांच्या दांड्यात) नेमकं त्याच सुमाराचं नायट्रेटचं टोक. भर व्याख्यानात ते दाखवून मी टाळ्या घेतल्या. पुढे २०१२ मध्ये बरेच गाभे शेजारी ठेवून तपासले गेले, तर बहुतेकांत १८५९ चं टोकच नाही! ग्रीनलंडमध्ये आसपासच्या वर्षांत जी टोकं होती, त्यांच्यासोबत अमोनियम आणि काजळी. म्हणजे वणव्याचा धूर. इथं पाचट पेटवलं की गच्चीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळी राख पडते. ती सूर्यावरून आली असं कुणी म्हणतं का? आता नायट्रेटचा रकाना उघडला की मी शेजारी अमोनियमचा उघडतो. दोन्ही एकदम उसळले, की फाईल बंद.

सूर्याचं विचारायचं तर बर्फातल्या बेरिलियम-१० ला. आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण हवेतले अणू फोडतात, त्यातून ते बनतं. सूर्य जोरात असला की ते किरण अडतात, म्हणून आलेख उलटा वाचायचा: १६४५ ते १७१५ सौरडाग जवळजवळ नव्हते, म्हणजे सूर्य शांत, तेव्हा बेरिलियम जास्त. ७७५ च्या सुमाराचं टोक वेगळं. तिथे सूर्यानेच कण फेकले आणि त्यांनी बेरिलियम वाढवलं.

एका ग्रॅम बर्फात बेरिलियम किती, एवढ्यावर निकाल देऊ नका. रश्श्यात तांब्याभर पाणी जादा पडलं की तिखट कमी लागतं, चटणी तेवढीच असते. त्या वर्षी बर्फ किती साचला, ते आधी बघा. अंटार्क्टिकातल्या व्होस्टॉकला वर्षाला जेमतेम २ सेंटिमीटर पाण्याइतका साचतो. तिथे सूर्याचं ११ वर्षांचं चक्र वर्षागणिक मोजायला निघालेल्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

'तारीख साधारण जुळते' हेही चालत नाही. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांची कालगणना पहिल्या सहस्रकात सुमारे ७ वर्षं चुकली होती. २०१५ मध्ये ते पकडलं गेलं, तेही ७७५ च्याच टोकामुळे.

परवा एकाने विचारलं, "सर, फाईलमध्ये अमोनियमचा रकानाच नसला तर?"

तर दुसरा गाभा शोध, बाळा.