पाठीतली प्रत्येक कळ उसण नसते: या चुका टाळा

मराठवाड्यात कापसाची वेचणी किंवा सोयाबीनची काढणी सुरू असताना ज्याची पाठ दुखत नाही असा माणूस विरळाच, त्यामुळे दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये कळ उठली की घरात पहिला शब्द निघतो तो ‘उसण भरली’ हाच. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु पाठीसोबत छातीतही जडपणा, दडपण किंवा जळजळ जाणवत असेल, तर एवढे म्हणून मोकळे होणे ही पहिली चूक ठरते. कारण त्यानंतर तेल चोळणे, शेकणे आणि एखाद्या पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणे यांत दोन-तीन तास सहज निघून जातात. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा सर्वाधिक लाभ नेमक्या त्याच तासांत मिळतो आणि 12 तासांनंतर तो फारसा उरत नाही.

हृदयाचे दुखणे पाठीत कसे जाणवते, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. हृदयाकडून येणाऱ्या संवेदना आणि छाती, पाठीचा वरचा भाग व हाताची आतली बाजू यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागात पोहोचतात, त्यामुळे दुखणे नेमके कोठून आले हे मेंदूला ओळखता येत नाही. म्हणून कुठे दुखते यापेक्षा कशाने वाढते आणि सोबत काय होते, हे पाहणे अधिक उपयोगाचे. स्नायूंचे दुखणे सहसा वळल्याने, हात उचलल्याने किंवा दाबल्याने वाढते. हृदयाचे दुखणे चालताना किंवा चढताना वाढते आणि त्यासोबत थंड घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा हातात कळ अशी लक्षणे येऊ शकतात. दाबल्यावर दुखते एवढ्यावरून मात्र हृदयाला निर्दोष ठरवू नये.

स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत ही फसगत अधिक होते. त्यांना छातीत जोराची कळ न येता केवळ धाप, कमालीचा थकवा किंवा पाठीतला ठणका एवढेच जाणवू शकते, आणि घरातल्या बाईचा थकवा कामाच्या खात्यावर मांडण्याची आपली सवय तर जुनीच आहे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून घेतलेल्या औषधाने बरे वाटले, तरी त्यावरून हृदयविकार नाही असे सिद्ध होत नाही.

उसण आणि हृदय यांखेरीज पाठदुखीची इतरही कारणे असतात. पित्ताशयातील खड्यांमुळे तेलकट जेवणानंतर उजव्या पात्याखाली दुखते, न्यूमोनियात ताप-खोकल्यासह श्वास घेताना टोचते, तर नागिणीत पुरळ उठण्याआधी काही दिवस एका बाजूला आग होते. याहून दुर्मीळ पण भयंकर कारण म्हणजे महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) आतला थर फाटणे: यात काही फाटत जावे अशी वेदना एकाएकी आणि सुरुवातीपासूनच अतितीव्र असते. अशा रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी घातक ठरू शकते, म्हणून ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने न देता डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

दुखणे काही मिनिटांत थांबत नसेल किंवा वर सांगितलेली लक्षणे सोबत असतील, तर रुग्णाला मोटारसायकलवर मागे बसवून तालुक्याला नेऊ नये, आणि त्याने स्वतः गाडी चालवणे तर त्याहून धोक्याचे. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. फोनवर ‘पाठ दुखते’ एवढेच न सांगता छातीतली अस्वस्थता, ती सुरू झाल्याची वेळ आणि मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास तेही सांगावे.

दवाखान्यात पहिला ईसीजी ठीक निघाला म्हणून लगेच घरी निघणे हीदेखील चूकच, कारण झटक्याच्या सुरुवातीला तो सामान्य दिसू शकतो. दुखणे चालूच असेल तर काही वेळाने पुन्हा ईसीजी आणि रक्तातील ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करावी लागते. जुना ईसीजी घरी असेल तर तुलनेसाठी सोबत न्यावा. त्या कागदावरच्या रेषा काळाने पुसट होतात, तेव्हा त्याची झेरॉक्स आधीच काढून ठेवावी.