हेटरचे प्रिंट घेताना: एका टूलरूमवाल्याकडून

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत माझी चौतीस वर्षं डाय बनवण्यात गेली. धातू कापला की कडेला जी खरखरीत धार उठते तिला आम्ही बर म्हणतो. आमच्याकडे एक पोरगा दिवसभर कानस घेऊन बसायचा आणि फक्त बर काढायचा. त्यामुळे निवृत्तीनंतर एकदा फाइन आर्ट्स कॉलेजच्या पुष्प बागेत, वार्षिक प्रदर्शनात, सांगलीकडची एक विद्यार्थिनी एका प्रिंटकडे बोट दाखवून जेव्हा म्हणाली, "काका, ही मखमली रेघ दिसते ना, ती बरमुळे. आम्ही ती मुद्दाम ठेवतो," तेव्हा मला हसूच आलं. जी वस्तू काढायला आम्ही पगार दिला, तिचे हे लोक पैसे घेतात! मग तिने भिंग दिलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना शाई धुक्यासारखी पसरली होती. त्या दिवशी ड्रायपॉइंट, म्हणजे धातूच्या प्लेटवर सुईने सरळ रेघा ओरबाडून छापलेलं चित्र, म्हणजे काय ते कळलं आणि घरी जायला उशीर झाला.

पुढे ज्याच्या नादी लागलो तो माणूसही मूळचा चित्रकलेच्या शाळेतला नव्हताच. स्टॅनली विल्यम हेटर (१९०१–१९८८) हा प्लेटा खोदून प्रिंट काढणारा कलाकार, पण लंडनला रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकलेला इंग्रज. आबादानला तेल कंपनीत नोकरी केली, १९२६ ला पॅरिसला आला, जोसेफ हेख्टकडून ब्युरिन, म्हणजे प्लेट खोदायचं हत्यार, धरायला शिकला आणि १९२७ ला प्रिंट काढायचं स्वतःचं वर्कशॉप काढून बसला. १९३३ मध्ये ते कांपान्य-प्रमिएर रस्त्यावर १७ नंबरात गेलं, म्हणून नाव आतलिए १७ (आतलिए म्हणजे वर्कशॉप). पिकासो आणि मिरो हे चित्रकार तिथे येऊन काम करून गेले. युद्धात, १९४० ला, त्याने सगळं न्यूयॉर्कला हलवलं आणि १९५० ला परत पॅरिसला आणलं. आपल्याला तो जवळचा वाटावा याचं कारण कृष्णा रेड्डी. चित्तूर जिल्ह्यातला, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेला हा माणूस पुढे त्याच वर्कशॉपचा सहसंचालक झाला. नंदलालबाबूंची भित्तिचित्रं आपल्या कीर्ती मंदिरात आहेत, तेव्हा बडोदेकराला हा धागा फार लांबचा नाही.

हेटर गोळा करायचा असेल तर पहिलं वर्ष हेटर घेऊ नका. हे मी कंजूषपणाने सांगत नाही. डोळा तयार झाल्याशिवाय लिलावातले फोटो बघणं म्हणजे मोजमाप न घेता माल पास करणं. आपल्या गावात असे प्रिंट काढायचे एचिंग प्रेस आहेत, विद्यार्थी आहेत, प्रदर्शनं होतात. परवानगी घेऊन एखादी दुपार प्रेसपाशी उभे राहा. प्लेटला शाई लावतात, जाळीदार कापडाने पुसतात, शेवटी तळहाताने पुसतात, ओला कागद ठेवतात, वर नमद्याची घोंगडी आणि मग चक्र फिरवतात. कागद उचलतानाचा तो चर्र आवाज एकदा ऐकला की प्रिंट आणि छापील पोस्टर यांतला फरक कुणी वेगळा शिकवावा लागत नाही. त्या वर्षात विद्यार्थ्यांचे दोन-चार छोटे प्रिंट विकत घ्या. स्वस्त मिळतात, पोरांना कागदाचे पैसे सुटतात आणि तुम्हाला घरी भिंगाखाली धरायला खरा माल मिळतो.

भिंग दहापटीचं घ्या, घड्याळजी वापरतात ते. त्याने काय बघायचं? ब्युरिन म्हणजे चौकोनी पोलादी दांड्याचं टोक तिरपं घासून केलेलं हत्यार. ते तांबं नांगरासारखं कापत जातं. हेटर हत्यार जवळजवळ स्थिर धरायचा आणि प्लेट फिरवायचा. लेथवर काम केलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. म्हणून त्याची रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा टोकदार होत संपते, कडा वस्तऱ्यासारख्या. एचिंगमध्ये हत्यार नाही, आम्ल धातू खाऊन रेघ करतं. तिचं टोक बोथट, जाडी सारखी आणि कड किंचित कुरतडलेली. सॉफ्ट ग्राउंडमध्ये मऊ लेपावर कापड किंवा जाळी दाबून तिचा पोत उतरवतात, त्यामुळे कधी कधी चक्क विणीचे धागे मोजता येतात. अॅक्वाटिंटमध्ये राळेच्या भुकटीचे कण, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांभोवती शाईचं जाळं. हेटरच्या एकाच प्लेटवर यातलं बरंच काही सापडतं, म्हणून शिकायला तो चांगला. आणि भिंगाखाली एकसारख्या ओळींत रंगीत ठिपके दिसले, तर तो ऑफसेट, म्हणजे पुस्तकं छापतात ती यंत्रावरची छपाई. पुस्तकातून कापलेलं पान फ्रेम करून विकणारे सगळीकडे असतात.

दुसरी तपासणी भिंगाशिवाय. खोलीत अंधार करा आणि टॉर्च कागदाच्या अगदी कडेला, आडवी धरा. खोदलेल्या रेघेतली शाई कागदावर उंच उभी असते, तिची सावली पडते. हेटर स्कॉर्परने, म्हणजे खणायच्या छिन्नीने, प्लेटमध्ये खोल खड्डे करायचा आणि त्यांत शाई ठेवायचा नाही. प्रेसखाली ओला कागद त्या खड्ड्यांत शिरतो आणि तिथे पांढरे फुगवटे उमटतात. १९४६ च्या 'सँक पेर्सोनाज'मध्ये असे पांढरे उठाव आहेत. हेटरचा मुलगा वारला त्या वर्षातलं ते काम. फोटोत ते नुसते कोरे डाग वाटतात, आडव्या उजेडात मात्र हाडांसारखे वर येतात. म्हणून विक्रेत्याकडे आडव्या उजेडातला फोटो मागा, मागच्या बाजूचाही मागा. आढेवेढे घेतले तर पुढच्या लॉटकडे वळा.

आता माझी फजिती. पहिला हेटर आला, लहानसा, काळापांढरा. मी पहिल्यांदा काय केलं असेल? मोजायचा व्हर्नियर काढला. हेटरच्या प्रिंटांची सगळी यादी १९९२ मध्ये पीटर ब्लॅक आणि देझिरे मूरहेड यांनी छापली आहे. लिलाववाले तिचे क्रमांक देतात आणि तुम्हीही प्रत्येक प्रिंट आधी त्या क्रमांकाशी ताडून बघायचा. यादीतलं माप आणि माझं माप यांत अडीच मिलिमीटरचा फरक! आमच्याकडे अडीच मिलिमीटर म्हणजे भंगार. रात्रभर झोप नाही. हिने सकाळी चहा देताना विचारलं, "कोण गेलं?" शेवटी त्या सांगलीच्या पोरीला फोन केला. ती म्हणाली, "काका, कागद ओला असताना छापतात. वाळला की आखडतो. प्रत्येक कागद वेगळा आखडतो." तीनशे मिलिमीटरच्या प्लेटला दोन-तीनचा फरक चालतो. दहाचा फरक असेल किंवा एकाच बाजूने फरक असेल, तर मात्र विचारा.

आकड्यांबद्दल बराच गैरसमज आहे. पेन्सिलीने डावीकडे १२/५० लिहिलेलं असतं, म्हणजे पन्नासांतली बारावी प्रत. पण छापली त्याच क्रमाने आकडे टाकले असं काही नसतं, म्हणून १/५० साठी जास्त पैसे देऊ नका. अपवाद ड्रायपॉइंटचा: बर प्रेसखाली लवकर दबतो, सुरुवातीच्या प्रती खरंच भरघोस असतात. तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा चढवला, ज्याला स्टील-फेसिंग म्हणतात, तर तीही अडचण उरत नाही. ए.पी. किंवा ई.ए. म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. तिला कमी लेखू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. स्टेट प्रूफ, म्हणजे प्लेट अर्धवट असताना काढलेली चाचणी प्रत, ही मात्र मला फार आवडते. काम कुठून कुठे गेलं ते तिच्यात दिसतं. टूलरूममध्ये पहिला ट्रायल पीस आम्ही जपून ठेवायचो, तसंच.

मरणोत्तर छपाईकडे लक्ष असू द्या. अमेरिकन चित्रकार पोलॉक १९४४–४५ मध्ये हेटरच्या न्यूयॉर्कच्या वर्कशॉपमध्ये येऊन प्लेटा खोदून गेला. त्यांतल्या काहींच्या पन्नास-पन्नास प्रती १९६७ मध्ये काढल्या, तेव्हा पोलॉकला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या खोट्या नाहीत, पण त्याच्या हयातीतल्या प्रतीच्या भावाने त्या घेणं मूर्खपणा. हयातीत छापलेली, स्वतः पेन्सिलीने सही केलेली प्रत घ्या. सही प्लेटमध्येच खोदलेली असेल तर ती सही धरू नका.

काळेपांढरे घ्यावेत की रंगीत? पैसे आणि धीर असेल तर तीस-चाळीसच्या दशकातले काळेपांढरे, ब्युरिनचे. ते महाग पडतात. साठ-सत्तरच्या दशकातले रंगीत, पाण्याच्या लाटांसारख्या रेघांचे प्रिंट तुलनेने आवाक्यात येतात आणि यंत्राची आवड असलेल्याला त्यांत गंमत आहे. आतलिए १७ मध्ये कृष्णा रेड्डी आणि मुंबईचे कैको मोती यांनी एकाच प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग छापायची पद्धत घडवली, तिला व्हिस्कॉसिटी म्हणतात. प्लेट वेगवेगळ्या खोलीवर खोदायची. मग कडक रोलरने वरच्या पृष्ठभागावर जवसाचं तेल जास्त घातलेली पातळ शाई. नंतर मऊ रोलरने घट्ट शाई, ती खाली दबून खोलगट भागात बसते, पण वरच्या तेलकट थराला चिकटत नाही. फोडणीच्या तेलाने माखलेल्या तव्यावर पीठ सरकतं तसं. तेलाचं प्रमाण जरा चुकलं की रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो, त्यामुळे दोन प्रती कधीच तंतोतंत सारख्या येत नाहीत. एकाच प्रिंटच्या तीन-चार प्रतींचे फोटो शेजारी ठेवून बघा आणि ज्यात रंगांच्या हद्दी स्वच्छ आहेत ती घ्या. रेड्डींचं १९६३ चं 'व्हर्लपूल' असं शेजारी ठेवून बघितलं की भोवऱ्याचे पदर एकेका प्रतीत वेगळे सुटलेले दिसतात. ते विकत घ्यायची माझी ऐपत नाही, बघायची आहे.

कागदाची तब्येत हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. चारी बाजूंचा समास शाबूत हवा. फ्रेमला बसावा म्हणून कापलेला समास परत येत नाही. चित्राभोवती तपकिरी पट्टा असेल तर जुन्या आम्लयुक्त माउंटने, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याने, कागद भाजलाय. ठिपके ठिपके असतील तर ओल लागली आहे. कागद पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेला असेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी. प्लेटमार्क, म्हणजे प्लेटच्या कडेने उमटलेली खाच, बोटाला लागली पाहिजे. दाबून सपाट केलेला प्रिंट म्हणजे इस्त्री केलेला भरतकामाचा शालू.

मागवताना नळीत गुंडाळून नको, सपाट पाठवा असं लेखी कळवा. हातोडा पडला त्या रकमेवर लिलाववाल्यांचं कमिशन, वाहतूक आणि इथली कस्टम ड्युटी चढते. हे सगळं मिळवून बोली ठरवा, नाहीतर माझ्यासारखे तीन महिने सेव उसळीवर काढावे लागतील. कागदपत्रांवर माल कस्टमच्या ९७०२ या शीर्षकाखाली लिहिलेला असावा, ते हाताने केलेल्या मूळ एन्ग्रेव्हिंग, प्रिंट आणि लिथोग्राफसाठी आहे. फोटोयांत्रिक पद्धतीने छापलेल्या नकला त्यात बसत नाहीत. माझं एक पार्सल "पोस्टर" असं लिहून आलं आणि ते सोडवून घेताना जो पत्रव्यवहार झाला त्याची फाइल प्रिंटपेक्षा जाड आहे.

फ्रेमवाल्याने माझा दुसरा प्रिंट मागून फेव्हिकॉल लावून ठोकळ्यावर बसवला. दोष माझा, मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी समोर बसून करून घेतो: आम्लविरहित माउंट, वरच्या दोनच कोपऱ्यांना जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि त्याही गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने, पाण्याने सुटेल अशा. काच कागदाला टेकता कामा नये. सेलोटेप दिसली तर उठून या.

आणि बडोद्यात राहता तर विश्वामित्री विसरू नका. २०१९ आणि २०२४, दोन्ही ऑगस्टांत शहरात पाणी शिरलं. आमच्याकडे ते ओट्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं तेव्हा हिने आधी देव उचलले, मी पोर्टफोलिओ. त्याआधी मी तो दिवाणाखाली ठेवायचो, आता पहिल्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून लांब. बाहेरची भिंत पावसाळ्यात घाम सोडते. प्रिंटांमध्ये आम्लविरहित पातळ कागद, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर पंधरा दिवसांनी तापवून पुन्हा घालायच्या. डांबरगोळ्या नकोत. नवरात्र उलटलं की सगळे एकेक करून बाहेर काढायचे, कसर लागली का ते बघायचं, टॉर्च आडवी धरायची. यात सबंध दिवस जातो.

प्रत्येक प्रिंटची पावती, यादीतला क्रमांक, माप आणि मागच्या बाजूचा फोटो यांची एक प्रत मी मुलीकडे पुण्याला ठेवली आहे. तिला या चित्रांत काही दिसत नाही. "बाबा, हे तुमच्या वर्कशॉपच्या फरशीवरच्या छिलक्यांसारखं दिसतं," असं ती म्हणाली होती, आणि हेटरबद्दल मला घरात मिळालेली सगळ्यात बरोबर प्रतिक्रिया तीच.