बाजारातली हवा आणि वर्दळ मोजणाऱ्या बिनतारी पेट्या: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्ल्यांसाठी

हवा आणि माणसं एकाच पेटीतून मोजायचा मोह आवरा. हवेचा सेन्सर दहा मिनिटांतून एकदा जागा झाला तरी चालतं. माणसं मोजणाऱ्याला डोळा मिटता येत नाही. म्हणून पहिली पेटी बॅटरीवर निभते, दुसरीला शेजारच्या दुकानातून हेस्कॉमची वीजच घ्यावी लागते.

हवेच्या पेटीचं सामान: पीएमएस५००३ धूलिकण सेन्सर, आर्द्रतेसाठी बीएमई२८०, लोरा (कमी विजेत दूरवर संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत) असलेला ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड, ३००० एमएएचचे दोन १८६५० सेल समांतर, चार्जिंग सर्किट, सेलचा दाब वाढवून देणारा ५ व्होल्टचा बूस्ट कन्व्हर्टर, ६ व्होल्ट ३ वॅटचं सोलर पॅनेल. लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचाच घ्या. भारतात तो पट्टा विनापरवाना आहे. स्वस्त किटमध्ये ४३३ ची अँटेना आली तर बदला, नाहीतर पल्ला पार कोसळतो. अँटेना न लावता बोर्ड चालू करू नका, प्रक्षेपक जळू शकतो.

पीएमएस५००३ च्या पंख्याला ५ व्होल्ट लागतात, डेटाच्या तारांना मात्र ३.३ च. पंखा सुरू झाल्यावर पहिल्या ३० सेकंदांचे आकडे टाकून द्या, पुढच्या दहा सेकंदांची सरासरी घ्या आणि सेट पिन शून्यावर आणून त्याला झोपवा. त्याच्या ३२ बाइटच्या संदेशात आकड्यांचे दोन संच असतात. बाहेरच्या हवेसाठी दुसरा संच वापरा, त्यातला पीएम२.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) तेराव्या-चौदाव्या बाइटमध्ये मिळतो.

खरी डोकेदुखी पावसाळ्याची. हा सेन्सर लेझरचा विखुरलेला उजेड मोजतो, आणि दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात. त्यामुळे खानापूरकडच्या झडीत धुतलेली हवासुद्धा घाण दिसते. हिवाळ्यातल्या सकाळच्या धुक्यातही तेच. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की आकडा साठवा, पण खूण करून वेगळा ठेवा. सूत्र लावून 'दुरुस्त' केलेल्या आकड्यापेक्षा हे प्रामाणिक. आणि पीएम२.५ ची घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची देशातली मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे, एका क्षणाच्या आकड्याशी ती ताडू नका.

पेटी जमिनीपासून अडीच-तीन मीटरवर, हवेची तोंडं खाली, त्यांवर बारीक जाळी. कोळी आत घर करतात. भज्याच्या गाड्यावर किंवा उदबत्तीच्या दुकानाच्या दारावर लावली तर शहराची नव्हे, त्या गाड्याची हवा मोजाल. तार आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल.

माणसांसाठी व्हीएल५३एल१एक्स हा अंतर मोजणारा सेन्सर २.४ मीटरवर, तोंड सरळ खाली करून लावा. त्याचं दृश्यक्षेत्र दोन भागांत विभागा. आधी कुठला भाग झाकला जातो त्यावरून आत-बाहेर कळतं. पण त्याचा कोन जेमतेम २७ अंशांचा, डोक्याच्या उंचीवर पट्टा अर्धा मीटरही भरत नाही. म्हणून दार किंवा अरुंद बोळ ठीक, गणपत गल्लीसारखा सगळा रस्ता त्याच्या आवाक्यात नाही. खांद्याला खांदा लावून निघालेले दोघे एक मोजले जातात. थेट उन्हातही पल्ला घटतो, पत्र्याच्या सावलीत लावा. मोबाइलचे वाय-फाय सिग्नल मोजायचा सोपा मार्ग सोडा. फोन आता आपले वाय-फाय पत्ते (ओळखक्रमांक) बदलत राहतात, एकच फोन अनेकदा मोजला जातो.

बसवल्यावर बाजाराच्या दिवशी आणि साध्या दिवशी अर्धा-अर्धा तास हाताने मोजून दुरुस्तीचा गुणक काढा. दोन्ही दिवसांचा गुणक एकच निघेल असं धरू नका. पेटीवर 'यात कॅमेरा नाही' असं कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहा, नाहीतर आठवड्यात कुणीतरी काढून नेईल.